लावा मुबलक आहे तोवर

कॅलिफोर्निया लावा हा दुर्मीळ पक्षी नाही. पुढे झुकलेला काळा तुरा, राखाडी छाती आणि पोटावर खवल्यांची नक्षी असलेला हा गुबगुबीत पक्षी ओरेगॉनपासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत झुडपी रानांत आणि ओकच्या विरळ वनांत थव्यांनी हिंडतो. 1931 पासून तो कॅलिफोर्नियाचा राज्यपक्षी आहे. एकोणिसाव्या शतकात माणसांनी त्याला चिली आणि न्यूझीलंडला नेऊन सोडले, तिथेही तो चांगला रुजला. त्याची शिकार कायदेशीर आहे आणि दर हंगामात होते. अशा पक्ष्याचा संदर्भ-जिनोम 2023 मध्ये ‘जर्नल ऑफ हेरेडिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो तयार करणारी योजना कॅलिफोर्निया राज्याच्या पैशावर चालते आणि त्यातली माहिती कुणालाही पाहता येते.

इथे कुणीही विचारेल की पैसा आणि प्रयोगशाळा मर्यादित असताना, माळढोकासारखे पक्षी अस्तित्वाच्या शेवटच्या टोकाला आले असताना, गावोगाव दिसणाऱ्या पक्ष्यावर एवढी मेहनत कशासाठी? संवर्धनाच्या क्षेत्रात ‘सर्वांत धोक्यातल्याला सर्वांत आधी’ हा क्रम इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे फारसे कुणाला वाटत नाही. जिनोमच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. प्रजाती मुबलक आणि निरोगी असताना, तिच्या स्वतःच्या वन्य पक्ष्यापासून उत्तम दर्जाचा जिनोम तयार करून ठेवणे हे पूल किंवा पाणीपुरवठा योजनेइतकेच सार्वजनिक काम आहे. अर्धवट जिनोम, किंवा पाळीव नातेवाइकाचा उसना जिनोम, त्याची जागा घेऊ शकत नाही. लाव्यांच्या कुळात याचे पुरावे विपुल आहेत.

संदर्भ-जिनोम म्हणजे एखाद्या प्रजातीच्या एका प्राण्याचा संपूर्ण डीएनए क्रमाने, गुणसूत्रांवरच्या जागांसह लिहून काढलेली प्रत. पुढे त्याच प्रजातीचे शेकडो पक्षी स्वस्तात आणि जुजबी वाचले, तरी ते तुकडे या प्रतीवर आपापल्या जागी बसवता येतात. प्रतच सदोष असेल तर तिच्यावर बेतलेला प्रत्येक निष्कर्ष सदोष होतो. पक्ष्यांचे जिनोम साधारण एक अब्ज अक्षरांचे असतात, म्हणजे माणसाच्या एक तृतीयांश. पक्ष्यांमधला पहिला मान कोंबडीला मिळाला. तिचा जिनोम डिसेंबर 2004 मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि तो एका तांबड्या रानकोंबडीचा, मादीचा होता. पुढच्या दशकात यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली आणि पक्ष्यांच्या जिनोमचा पूर आला. त्यातले बहुतेक 100 ते 150 अक्षरांचे तुकडे वाचून संगणकाने जुळवलेले होते.

या जुळवणीत एक मूलभूत अडचण आहे. जिनोममध्ये तोच तो मजकूर हजारो वेळा आलेला असतो. उसाच्या फडाच्या मधोमध उभ्या केलेल्या माणसाला चारी बाजूंना सारख्याच सऱ्या दिसतात आणि आपण कोणत्या सरीत आहोत हे सांगता येत नाही, त्यासाठी दोन्ही बांध एकदम दिसावे लागतात. शंभर-दीडशे अक्षरांच्या तुकड्याला ‘बांध’ कधीच दिसत नाहीत. अशा ठिकाणी संगणक एकतर थांबतो आणि जिनोम हजारो तुकड्यांत विखुरतो, नाहीतर वेगवेगळ्या जागांचा मजकूर एकमेकांवर रचून मोकळा होतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो दिसत नाही.

2019 च्या सुमारास ‘हायफाय’ वाचन हाताशी आले. त्यात 15 ते 20 हजार अक्षरांचा सलग तुकडा 99.9 टक्क्यांहून अधिक अचूकतेने वाचता येतो. त्याला जोड मिळाली ती पेशीकेंद्रातल्या डीएनएच्या जवळिकीची. केंद्रकात गुंडाळलेल्या डीएनएचे एकमेकांना चिकटून असलेले भाग रसायनांनी जखडून, जोडून वाचले जातात. एकाच गुणसूत्रावरचे भाग एकमेकांजवळ जास्त वेळा सापडतात, त्यावरून कोणता तुकडा कुणाच्या शेजारी बसवायचा हे कळते. कॅलिफोर्निया लाव्यासाठी हायफाय आणि ओम्नी-सी नावाची जवळीक मोजणारी पद्धत, अशी दोन्ही वापरली गेली.

त्यातून 1.08 अब्ज अक्षरे 321 मोठ्या तुकड्यांत बसली. या तुकड्यांना स्कॅफोल्ड म्हणतात. ते लांबीनुसार लावले तर निम्मा जिनोम 1 कोटी 94 लाख अक्षरांच्या किंवा त्याहून लांब स्कॅफोल्डांमध्ये मावतो. मध्ये कुठेही रिकामी जागा नसलेल्या सलग तुकड्यांसाठी हाच आकडा 55 लाख आहे. सर्व पक्ष्यांत असायलाच हवीत अशा ठरावीक जनुकांची एक यादी असते, तिच्यातली 96.5 टक्के या प्रतीत पूर्ण सापडली. आधी याच कुळातल्या बॉबव्हाइट लाव्याचा जिनोम 2014 मध्ये, टेक्सासमधल्या वन्य पक्ष्यापासून, तयार झाला होता. त्याची जुळवणी छोट्या तुकड्यांची असल्याने ती हजारो भागांत विखुरलेली होती. तरीही तिने या पक्ष्याच्या संख्येचा हिमयुगाच्या उत्तरार्धापासूनचा उतार दाखवला, हे तिचे श्रेय आहेच.

आकड्यांतला एक विशेष बोलका आहे. कॅलिफोर्निया लाव्याच्या जिनोमचा 16.5 टक्के भाग जागा बदलणाऱ्या, स्वतःच्या नकला काढणाऱ्या डीएनए घटकांनी व्यापलेला आढळला. याच कुळातल्या आधीच्या जिनोमांत हे प्रमाण कमी दिसले होते. हा पक्षी त्याच्या भावंडांहून वेगळा आहे असा अर्थ घाईने काढता येत नाही. कोंबडी आणि पेकिंग बदक यांच्या लांब तुकड्यांवरून बनवलेल्या नव्या प्रतींतही प्रमाण साधारण एवढेच निघते. आधीच्या वाचनांना या घटकांचा मोठा भाग दिसतच नव्हता. जीवशास्त्रातला ‘फरक’ कधी पक्ष्यात असतो आणि कधी वाचणाऱ्या यंत्रात, आणि दोहोंतला भेद चांगल्या प्रतीशिवाय करता येत नाही.

अर्धवट वाचन किती महागात पडते, ते लेप्टिनच्या वादात दिसते. लेप्टिन म्हणजे चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारे संप्रेरक. उंदरातले त्याचे जनुक 1994 मध्ये सापडले आणि लठ्ठपणाच्या संशोधनाचे चित्र पालटले. 1998 मध्ये कोंबडीतही लेप्टिन सापडल्याचा दावा झाला. त्याचा मजकूर उंदराच्या लेप्टिनशी इतका जुळत होता की अनेकांना शंका आली, कारण पक्षी आणि सस्तन प्राणी वेगळे होऊन तीस कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. इतर प्रयोगशाळांना ते जनुक सापडेना. 2004 च्या कोंबडीच्या जिनोममध्येही ते नव्हते. मग दोन तट पडले. एक गट त्या संशयास्पद मजकुराच्या आधारे कोंबडीतले लेप्टिन मोजत राहिला. दुसऱ्या गटाने पक्ष्यांनी लेप्टिन गमावलेच असावे असे मांडले आणि त्यावर शरीरक्रियेचे सिद्धान्त उभे केले. अखेर 2014 मध्ये बहिरी ससाणा, झेब्रा फिंच आणि कबूतर यांच्यात खरे पक्षी-लेप्टिन सापडले आणि 2016 मध्ये कोंबडीतही. ते सर्वकाळ तिथेच होते. त्या भागात जी आणि सी ही अक्षरे इतकी दाटीने आहेत की जुन्या यंत्रांची रसायने तिथे अडखळायची आणि तो भाग वाचनातून गळायचा. दाह आणि प्रतिकारशक्तीशी निगडित टीएनएफ जनुकाची कथाही अशीच. तेही कोंबडीत नाही असे दीर्घकाळ मानले गेले आणि 2018 मध्ये ते मिळाले.

जवळपास दोन दशके सक्षम शास्त्रज्ञ एका नसलेल्या अभावावर वाद घालत राहिले, त्यामागचे कारण प्रत अपुरी होती एवढेच होते. पक्ष्यांच्या जिनोमची रचनाच अशा चुकांना आमंत्रण देते. त्यांच्यात गुणसूत्रांच्या साधारण 40 जोड्या असतात. त्यातल्या थोड्या मोठ्या, बाकीच्या अगदी चिमुकल्या. ही सूक्ष्म गुणसूत्रे जनुकांनी खच्चून भरलेली आणि जी-सी अक्षरांनी दाट असतात, म्हणजे जिथे जनुके सर्वाधिक तिथेच स्वस्त वाचन सर्वाधिक फसते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या जिनोम प्रकल्पाने काही प्रजातींच्या जुन्या आणि नव्या प्रती शेजारी ठेवून तपासल्या. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत जुन्या प्रतींमधून 11 टक्क्यांपर्यंत मजकूर साफ गायब असल्याचे दिसले. ‘काहीच नसण्यापेक्षा कच्चा जिनोम बरा’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा. कच्च्या प्रतीतली गळती प्रजातीचा गुणधर्म म्हणून छापली जाते, मग ती खोडायला वर्षे लागतात.

आता उसन्या जिनोमचा प्रश्न. लाव्यांच्या जगात सर्वांत अभ्यासलेला पक्षी म्हणजे जपानी बटेर. भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांनी 1969 पासून कोंबडीच्या भ्रूणात बटेराच्या पेशी रोवून कोणत्या पेशी कुठे जातात याचा माग काढला, कारण बटेराच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते. 1990 मध्ये मीर अंतराळस्थानकावर बटेराची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. त्याचा चांगल्या दर्जाचा जिनोम 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मग तोच सर्व लाव्यांसाठी का वापरू नये?

एक कारण वंशाचे आहे. अमेरिकेतले लावे आणि जुन्या जगातले लावे दिसायला भावंडे वाटले तरी वेगळ्या कुळांतले आहेत आणि त्यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. कॅलिफोर्निया लाव्याचे तुकडे बटेराच्या प्रतीवर बसवले, तर नेमके वेगळे झालेले भाग बसत नाहीत आणि गाळले जातात. त्यामुळे जे जाणून घ्यायचे तेच हरवते. दुसरे कारण पाळीवपणाचे. शेकडो पिढ्या पिंजऱ्यात वाढवताना माणसाने बटेरात वर्षभर अंडी घालणे, लवकर वयात येणे, गर्दीत शांत राहणे असे गुण निवडले. वन्य लाव्याला विचारायचे प्रश्न तर स्थलांतराचे, दुष्काळाचे, ऋतूची चाहूल ओळखण्याचे आहेत. त्या प्रश्नांची उत्तरे माणसाने पाळीव पक्ष्यातून पुसट करून टाकली आहेत.

कॅलिफोर्निया लाव्याच्या बाबतीत असा एक प्रश्न अर्धशतक जुना आहे. बर्कलीचे वन्यजीवतज्ज्ञ स्टार्कर लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले की कोरड्या वर्षी खुरटलेल्या वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये वाढतात, ती लाव्यांच्या आहारात जातात आणि विणीला लगाम बसतो. पाऊस चांगला झाला की त्या द्रव्यांचे प्रमाण उतरते आणि पिल्लांची रेलचेल होते. ही कल्पना विलक्षण आहे, कारण तीत पाऊस, गवत आणि पक्ष्याचे संप्रेरक एका साखळीत येतात. त्या संप्रेरकांच्या ग्राहकांची जनुके, त्यांच्या आजूबाजूचे नियंत्रक भाग, कोरड्या आणि ओल्या प्रदेशांतल्या पक्ष्यांत त्यांचे भेद, हे सगळे आता शोधता येईल. मात्र तो शोध याच पक्ष्याच्या प्रतीवर घ्यावा लागेल.

नाते खरोखर जवळचे असेल तर उसनी प्रत चालते, हेही मान्य करायला हवे. युरोपातल्या सामान्य लाव्याचा जपानी बटेर हा इतका निकटचा नातेवाईक आहे की दोघांचा संकर होतो. डोन्याना जैविक केंद्राच्या संशोधकांनी युरोपातल्या लाव्यांचा डीएनए बटेराच्या क्रमबद्ध जिनोमशी ताडला आणि 2022 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त एक थक्क करणारी गोष्ट मांडली. पहिल्या गुणसूत्राचा सुमारे साडेअकरा कोटी अक्षरांचा, 7 हजारांहून अधिक जनुके असलेला पट्टा काही पक्ष्यांत उलटा बसला आहे. एवढा पट्टा म्हणजे जिनोमचा सुमारे 12 टक्के भाग. तो उलटा असलेले लावे वजनाने जड, गळ्याशी अधिक गडद आणि गोलसर पंखांचे असतात. त्यांनी दूरचे स्थलांतर सोडलेले दिसते. ते स्पेनच्या दक्षिणेकडे आणि आसपास राहतात आणि त्याच रानात स्थलांतर करणारे साधे लावेही येतात. हा उलटा पट्टा दहा लाखांहून अधिक वर्षे टिकून आहे.

या शोधाचा खरा धडा प्रतीच्या दर्जात आहे. आधाराची प्रत हजारो तुकड्यांची असती, तर संशोधकांना इकडेतिकडे विखुरलेले भेद दिसले असते, एक अखंड उलटलेला पट्टा दिसला नसता. गुणसूत्राची लांबी डोळ्यांसमोर असल्याशिवाय अशी रचना कळत नाही. आणि ती संवर्धनाला थेट भिडते. स्पेन, फ्रान्स, इटलीत शिकारीसाठी पिंजऱ्यात वाढवलेले लावे मोठ्या संख्येने सोडले जातात. त्यांच्यात जपानी बटेराचा वंश मिसळलेला असल्याचे स्पेनमधल्या अभ्यासांत आढळले आहे. स्थलांतर करणारा आणि न करणारा असे दोन प्रकार एकाच प्रजातीत नांदत असताना त्यात तिसऱ्याच, पाळीव पक्ष्याचा वंश ओतला जात असेल, तर कुठे काय मिसळले हे तपासायला दर्जेदार मोजपट्टी लागणारच.

छोट्या होत गेलेल्या प्रजातीत जिनोम काय सांगतो हे मॉन्टेझुमा लाव्याने दाखवले. हा पक्षी मेक्सिकोत आणि अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास या राज्यांत राहतो. टेक्सासमधले पक्षी थोडे आणि इतरांपासून तुटलेले आहेत. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले की घातक जनुकभेद मोठ्या समूहात अधिक असतात, पण तिथे ते बहुधा एका प्रतीत दडलेले राहतात. लहान, आपापसांत वीण होणाऱ्या समूहात तेच भेद जोडीने येतात आणि खरोखर इजा करू लागतात. टेक्सासला बाहेरून पक्षी आणून सोडायचे असतील तर कुठून आणावेत, हा निर्णय आता अंदाजावर सोडण्याची गरज नाही.

सॅन फ्रान्सिस्कोसमोर हाच प्रश्न आला आहे. शहराने 2000 साली कॅलिफोर्निया लाव्याला आपला अधिकृत पक्षी ठरवले. त्यानंतर दोन दशके उलटण्याआधीच शहरातल्या उद्यानांमधून तो जवळपास संपला, शेवटी वनस्पती उद्यानात एकटा नर उरल्याच्या नोंदी आल्या. राज्यभर मुबलक असलेला पक्षी एका शहरातून असा हद्दपार होतो, कारण त्याला झुडपांची सलग गच्च जाळी लागते आणि तिच्या जागी आखीव हिरवळ आली, मांजरे आली. परत आणायचा तर किनाऱ्याच्या दमट भागातून आणायचा की आतल्या कोरड्या टेकड्यांमधून? दक्षिणेत या पक्ष्याचा वाळवंटी गॅम्बेल लाव्याशी संकर होतो, तर तिथले पक्षी कितपत ‘शुद्ध’ आहेत? कॅलिफोर्नियाची योजना अशा प्रश्नांसाठीच आखलेली आहे. शंभराहून अधिक प्रजातींचे संदर्भ-जिनोम तयार करायचे, मग प्रत्येकीचे राज्यभरातले अनेक नमुने त्यावर ताडायचे आणि जनुकीय विविधता कुठे दाटली आहे याचा नकाशा काढायचा. राज्याने 2020 मध्ये 2030 पर्यंत 30 टक्के भूमी आणि किनारी पाणी राखण्याचे ठरवले आहे. कोणते 30 टक्के राखायचे, हे ठरवताना हा नकाशा उपयोगी पडावा अशी अपेक्षा आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की जिनोमने एकही झुडूप उगवत नाही. हे खरे आहे. बॉबव्हाइट लावा 1960 च्या दशकापासून अमेरिकेत झपाट्याने घटला तो शेतीचे बांध, गवताळ पट्टे आणि झुडपे गेल्यामुळे. त्याचे कारण शोधायला जिनोमची गरज नव्हती आणि उपायही जमिनीवरच करावा लागेल. जिनोमसाठी अधिवासाचा पैसा वळवला जात असेल तर त्याला विरोधच व्हायला हवा. पण एका पक्ष्याचा जिनोम करण्याचा खर्च दरवर्षी येत नाही, आणि एकदा केलेले काम पुढची अनेक दशके, जगभरातले अभ्यासक, पुन्हा पैसा न मोजता वापरतात. एखाद्या रानाला कुंपण घालायचे की शेजारच्या, हे ठरवताना त्याचा आधार मिळत असेल, तर तो अधिवासाच्याच खात्यातला खर्च आहे.

दुसरा आक्षेप, एकच पक्षी प्रजातीचे प्रतिनिधित्व कसे करील? करणारच नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. ती मोजपट्टी आहे, सरासरी नव्हे. तिच्यातही उणिवा आहेत. 321 तुकडे म्हणजे प्रत्येक गुणसूत्र अजून सलग झालेले नाही, सूक्ष्म गुणसूत्रांचे काम बाकी आहे. लेखकांनी तिला मसुदाच म्हटले आहे आणि हा प्रामाणिकपणा दर्जाचाच भाग आहे. शिवाय वन्य पक्ष्यात एक वेगळी अडचण असते. आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली प्रत एकमेकींपासून बरीच वेगळी असते, त्यामुळे संगणक कधी एकाच जागेला दोन जागा समजून जिनोम फुगवतो. प्रयोगशाळेतल्या, पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेल्या पक्ष्यात हा त्रास कमी. वन्य पक्ष्याचे आईबाप हाती लागत नाहीत, म्हणून दोन्ही प्रती वेगळ्या करणारी नवी संगणकीय साधने इथे मोलाची ठरतात. कठीण आहे म्हणून टाळावी अशी ही गोष्ट नाही, कारण ती विविधता हीच वन्य पक्ष्याची ठेव आहे.

आणखी एक उपयोग फारसा चर्चेत येत नाही. बर्कलीचे पृष्ठवंशी प्राणिसंग्रहालय 1908 मध्ये ॲनी अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि जोसेफ ग्रिनेल त्याचे पहिले संचालक झाले. आपल्या संग्रहाचे खरे मोल कदाचित शतकानंतरच्या अभ्यासकांना कळेल, असे ग्रिनेल मानत. जुन्या कातड्यांमधला डीएनए आखूड तुकड्यांत मोडलेला असतो. त्यापासून स्वतंत्र जिनोम उभारणे जवळजवळ अशक्य, पण जिवंत पक्ष्यापासून बनवलेली सलग प्रत असेल तर ते तुकडे तिच्यावर बसतात आणि शंभर वर्षांत विविधता किती घटली हे मोजता येते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात हजारो पक्ष्यांची कातडी आहेत. ती वाचण्याची किल्ली आज रानात जिवंत असलेल्या पक्ष्यांकडे आहे.

ही किल्ली उशिरा शोधली तर काय होते हे भारताने लाव्यांच्याच बाबतीत अनुभवले आहे. हिमालयी लाव्याचे शास्त्रीय वर्णन 1846 मध्ये झाले. मसुरी आणि नैनितालच्या उतारांवरून त्याचे थोडे नमुने मिळाले. 1876 मध्ये नैनितालजवळ शेवटची खात्रीची नोंद झाली. तीस वर्षांत ओळख आणि निरोप दोन्ही उरकले. आज जगभरच्या संग्रहालयांत त्याची डझनभर कातडी तेवढी आहेत. त्या काळी डीएनएचे नावही नव्हते, तेव्हा दोष कुणाला देण्यात अर्थ नाही. आज मात्र साधने आहेत.

महाराष्ट्रात सुरुवात करायची तर पावसाळी लावा हा उत्तम उमेदवार आहे. छातीवर काळा डाग असलेला नर जून-जुलैत माळांवर आणि पिकांत दोन अक्षरी शीळ घालू लागतो. पावसाच्या मागे मागे हा पक्षी जागा बदलतो, गवत वाढले की तिथे येऊन वीण करतो. मोसमी पावसाशी इतका बांधलेला पक्षी त्याची चाहूल शरीरात कशी टिपतो, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या कोरड्या वर्षांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. हिवाळ्यात त्याच शेतांत उत्तरेकडून आलेला सामान्य लावा उतरतो. आणि गावागावांत बटेरपालनाचे पिंजरे आहेत. जपानी बटेर 1974 मध्ये भारतात आणले गेले आणि पुढे बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या व्यवसायाला चालना दिली. स्पेनमध्ये पिंजऱ्यातून रानात वंश कसा झिरपला हे माहीत असताना इथे तसे होते आहे का हे तपासणे आवश्यक आहे, आणि वन्य लाव्यांच्या स्वतःच्या प्रतींशिवाय ते तपासता येणार नाही.

हे काम मोठ्या घोषणांचे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागेल. नमुना परदेशी पाठवायचा झाल्यास 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईतल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागेल. म्हणून वाचन भारतातच व्हावे हे बरे. धोक्यातल्या प्राण्यांच्या जनुकशास्त्राचा अनुभव हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राकडे आहे. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, त्यामुळे थोड्या रक्तातून भरपूर डीएनए मिळतो आणि पक्ष्याला जिवंत सोडून देता येते. मात्र ते रक्त माळावरच गोठवावे लागते, नाहीतर डीएनएचे लांब धागे तुटतात आणि हायफायचा फायदा वाया जातो. म्हणजे सोलापूर किंवा पुणे जिल्ह्यातल्या गवताळ रानापर्यंत द्रव नायट्रोजनची टाकी न्यायची, जाळीत सापडलेल्यांतून मादी निवडायची, कारण पक्ष्यांत झेड आणि डब्ल्यू ही दोन्ही लिंगगुणसूत्रे मादीतच असतात. मग त्या एका पक्ष्याची माहिती पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी खुली ठेवायची. पावसाळी लाव्याची शीळ अजून अनेक तालुक्यांत ऐकू येते, म्हणून हा नमुना पुढच्या पावसाळ्यातच घ्यावा.